विदर्भातील ग्रामीण घर : वीज, इंधन आणि उकाडा यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातील निरनिराळ्या गावांतून घराच्या विजेबद्दल, चुलीबद्दल आणि उन्हाळ्यातील उकाड्याबद्दल जे प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एका उत्तरातील माहिती दुसऱ्यात लागत असेल तेथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. घरावर सोलर बसवायचे ठरवले आहे. त्याआधी काही करावे लागते का?

होय. पॅनेल हे शेवटचे काम आहे. आपल्या भागात मार्च ते जून या काळात घराची बहुतेक वीज उकाडा हटवण्यात जाते, आणि तो उकाडा प्रामुख्याने छतातून आत येतो. त्यामुळे छत तसेच तापत ठेवून त्यावर पॅनेल चढवणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरत राहणे होय. आमचा आग्रह असा असतो की आधी छत थंड करावे (प्रश्न ३ व ४), मग वायरिंग आणि अर्थिंग तपासून घ्यावे (प्रश्न ६), मग पंखे व कूलर सुधारावेत, आणि त्यानंतर एका पूर्ण वर्षाची बिले समोर ठेवून पॅनेल किती घ्यायचे ते ठरवावे. स्वयंपाकाच्या इंधनाचे काम स्वतंत्र आहे. ते यांपैकी कशासाठीही थांबवू नये. छताच्या कामाला जानेवारी-फेब्रुवारीचे दिवस सर्वांत योग्य असतात, कारण कापूस-तूर विकून हातात पैसा आलेला असतो, रंग वाळायला कोरडी हवा मिळते आणि होळीच्या आत काम उरकते.

२. बिलावरचे ‘युनिट’ म्हणजे नेमके काय, आणि कोणती वस्तू किती वीज खाते हे घरच्या घरी कसे काढावे?

एक हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट होते. वस्तूवर लिहिलेले वॅट गुणिले दिवसातील तास, आणि आलेल्या संख्येला हजाराने भागावे; एवढाच हिशेब आहे. २०० वॅटचा कूलर १२ तास चालला तर २.४ युनिट होतात. ७५ वॅटचे दोन जुने पंखे १५ तास चालले तर २.२५ युनिट, लहान फ्रिजचे उन्हाळ्यात सुमारे एक युनिट, एक अश्वशक्तीची मोटर अर्धा तास चालवल्यास साधारण अर्धे युनिट, आणि टीव्ही व पाच एलईडी दिवे मिळून अर्ध्या युनिटाच्या आतबाहेर. म्हणजे मे महिन्यात अशा घराचा खर्च दिवसाला साडेसहा युनिटांच्या पुढे जातो, आणि त्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक वीज कूलर व पंख्यांचीच असते. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांवरील युनिटांचा दर एकदम वाढतो; म्हणून महिन्याच्या वापरातून वाचवलेली शेवटची ४०-५० युनिटे सर्वांत महाग युनिटे असतात, हे लक्षात ठेवावे.

३. टिनपत्र्याचे घर आहे. दुपारी आत बसवत नाही. कमी खर्चात काय करता येईल?

हा प्रश्न सर्वांत अधिक येतो, आणि त्याचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल. मे महिन्याच्या दुपारी पत्रा इतका तापतो की त्यावर हात ठेवता येत नाही, आणि असा तापलेला पत्रा खालच्या माणसावर चुलीच्या निखाऱ्यासारखी धग सोडत राहतो. पंखा लावून ही धग कमी होत नाही, कारण पंखा छताजवळची तीच गरम हवा खाली ढकलतो. उपाय दोन ठिकाणी करावे लागतात : पत्र्याच्या वर आणि पत्र्याच्या खाली.

वरच्या बाजूने पांढरा रंग द्यावा. येथे एक चूक फार होते. स्लॅबवर चुना मारतात हे पाहून लोक पत्र्यावरही चुना मारतात. पत्र्यावर चुना टिकत नाही, आणि ओला चुना पत्र्यावरील जस्ताचा थर खातो, त्यामुळे गंज लवकर धरतो. पत्र्याला पत्र्यासाठीचाच पांढरा रंग वापरावा, आणि त्याआधी गंज तारेच्या ब्रशने काढून घ्यावा. रंगावर धूळ बसली की त्याचा उपयोग घटतो. म्हणून मार्चच्या सुरुवातीला एकदा पत्रे धुऊन घ्यावेत.

खालच्या बाजूने बांबूच्या तट्ट्यांचे छत बांधावे. तट्टा आणि पत्रा यांत वीतभर तरी जागा ठेवावी आणि त्या पोकळीची दोन्ही टोके जाळी लावून उघडी ठेवावीत, म्हणजे तापलेली हवा बाहेर निघून जाते. टोके बंद केली तर अर्धा फायदा जातो. जाळी मात्र टाळू नये, कारण उंदीर आणि त्यांच्यामागे साप त्या जागेत येतात. भंडारा-गोंदियाकडे तट्ट्यावर तणस पसरतात. त्याने गारवा चांगला मिळतो, परंतु वायर त्याच पोकळीतून गेली असेल तर आगीचा धोका असतो. वायर आधी पाइपमध्ये घ्यावी, तणस नंतर पसरावे.

पश्चिमेची भिंत राहून जाते. दुपारी तीननंतर ऊन थेट तिच्यावर येते. तिच्यापुढे तुराट्यांचा किंवा पळसाच्या फांद्यांचा मांडव घातला, तर सायंकाळी त्या भिंतीला हात लावून फरक कळतो. कडुनिंब लावणार असाल तर तोही याच बाजूला लावावा, मात्र पुढे पॅनेल कोठे येणार हे ठरवूनच (प्रश्न ९).

४. जुने मातीचे, कवेलूचे घर आहे. घरचे म्हणतात कवेलू काढून टिन टाकू. काय करावे?

कवेलू का काढतात हे आम्हाला ठाऊक आहे : वानरे उड्या मारून कवेलू फोडतात, दरवर्षी जूनच्या आधी छत फेरावे लागते, आणि ते फेरणारा माणूस आता मिळत नाही. ही अडचण खरी आहे. तरीही जाड मातीची भिंत आणि कवेलू यांचे घर आपल्या उन्हाळ्याला जितके मानवते तितके दुसरे कोणतेही स्वस्त घर मानवत नाही. माती दिवसभराची उष्णता हळूहळू घेते, आणि कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. सेवाग्राम आश्रमातील १९३० च्या दशकातील कुट्या आजही उभ्या आहेत. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू आणि भोवती रुंद ओसरी यांनी भर उन्हाळ्यात काय साधते, ते तेथे दुपारी जाऊन अनुभवता येते.

टिन टाकणे अटळच असेल, तर कवेलूखालील जुना बांबू-फाट्यांचा साटा काढून टाकू नये. तोच आतले छत म्हणून ठेवून वर सोडलेल्या पोकळीवर पत्रा घ्यावा. भिंती पाडून विटांच्या करू नयेत. डागडुजी करून त्याच ठेवाव्यात. स्लॅबचे घर बांधले असेल तर कळीचा चुना आदल्या रात्री भिजवून, फडक्यातून गाळून, त्यात फेविकॉल मिसळून मार्चमध्ये दोन हात मारावेत. आपल्याकडे इतका स्वस्त आणि इतका परिणामकारक उपाय दुसरा नाही.

५. कूलर दिवसभर चालतो, तरी खोली थंड होत नाही. मोठा कूलर घ्यावा का?

बहुधा गरज नसते. कूलर पाण्याची वाफ करून हवा थंड करतो. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे दोन तृतीयांश युनिटाइतकी उष्णता हवेतून काढून घेते. हे काम चालू राहण्यासाठी ओलसर झालेली हवा खोलीबाहेर जाणे आवश्यक असते. दारे-खिडक्या बंद करून कूलर लावला की तासाभरात खोली दमट होते आणि गारवा थांबतो. म्हणून कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार वीतभर उघडे असावे. कूलर खिडकीबाहेर, सावलीत असावा; खोलीच्या आत ठेवलेला कूलर तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो.

ताट्या दर हंगामात बदलाव्यात. वुडवुल खाली घसरून वरचा भाग उघडा पडतो आणि तेथून गरम हवा तशीच आत येते. वाळ्याच्या ताट्या महाग पडतात, पण सुगंधाबरोबर त्यांची बांधणीही घट्ट असते. जुन्या कूलरची मोटर २०० वॅटच्या आसपास वीज घेते. पहाटे तीननंतर नुसता पंखा पुरतो, तरी कूलर सुरूच राहतो. ही सवय बदलली तर महिन्याला १५-२० युनिटे वाचतात. मृग नक्षत्रानंतर हवा दमट झाली की कूलर मोठा असो वा लहान, उपयोग संपतो, आणि तेव्हा पंख्यावरच भिस्त ठेवावी.

पाण्याचा विचार वेगळा करावा. मोठा कूलर दिवसाला शंभर लिटरच्या आसपास पाणी घेऊ शकतो. ज्या गावात मे महिन्यात टँकर येतो तेथे घरात दोन कूलर लावण्याआधी प्रश्न ३ मधील कामे करणे हेच योग्य आहे.

६. कूलरला हात लागला की झिणझिण्या येतात. हे धोक्याचे आहे का?

अत्यंत धोक्याचे आहे. तो कूलर या क्षणी बंद करून पिन काढून ठेवावी. दर उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यांत कूलरच्या शॉकने माणसे, विशेषतः मुले दगावतात, आणि यांतील जवळजवळ प्रत्येक मृत्यू टाळता येण्यासारखा असतो.

लोखंडी टाकी, पाणी, ओली जमीन आणि अनवाणी पाय हे सारे एकत्र येतात म्हणून हे घडते. अनेक घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसरी वायर कोठेही जोडलेली नसते. वायरमनकडून अर्थिंगचा खड्डा करून घ्यावा, उन्हाळ्यात त्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी टाकावे, आणि मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. गळती होताच तो क्षणार्धात वीज तोडतो. त्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. पाणी भरताना केवळ बटण बंद करून भागत नाही, कारण बटण चुकीच्या वायरवर बसवलेले असू शकते, पिनच काढावी. पॅनेलच्या खर्चातून काही कमी करायचे असेल तर खुशाल करावे. या कामातून एक रुपयाही कमी करू नये.

७. बीएलडीसी पंखा महाग आहे. त्याने खरेच फरक पडतो का?

पडतो. जुना पंखा ७० ते ८० वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा पूर्ण वेगात ३० वॅटच्या आसपास. दिवसाला १५ तास चालणारे दोन पंखे बदलले तर महिन्याला सुमारे ४० युनिटे वाचतात. आधी सर्वांत अधिक तास चालणारा पंखा बदलावा. पाहुण्यांच्या खोलीतला तसाच राहू द्यावा. फ्रिज भिंतीपासून वीतभर दूर आणि चुलीपासून लांब ठेवावा. एवढेच.

८. आमच्या घराला किती किलोवॅट लागेल, आणि अनुदान किती मिळते?

वर्षभराच्या बिलांतील युनिटांची बेरीज करून बाराने भागावे. एक किलोवॅट पॅनेल आपल्या भागात वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिटे देते. उन्हाळ्यात १८० आणि हिवाळ्यात ७० युनिटे वापरणाऱ्या घराला एक किलोवॅट पुरेसे होते. फक्त मे महिन्याचे बिल पाहून तीन किलोवॅट घेऊ नये.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजने’त पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये केंद्राचे अनुदान आहे, म्हणजे एकास ३०,०००, दोनास ६०,००० आणि तीन किंवा त्याहून अधिकास ७८,००० रुपये. योजना २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. पॅनेल भारतात तयार झालेल्या सेलचे असावे लागते, आणि अर्ज योजनेच्या राष्ट्रीय संकेतस्थळावरून नोंदणीकृत पुरवठादारामार्फत करावा लागतो. अनुदान काम पूर्ण झाल्यावर खात्यात जमा होते. म्हणून गावात येऊन ‘अनुदान वजा करून रोख द्या’ म्हणणाऱ्यास आगाऊ रक्कम देऊ नये.

९. पॅनेल कोठे आणि कसे बसवावे? टिनावर चालते का? वानरे आणि गारपीट यांचे काय?

एका किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. २५ चौरस मीटरच्या, म्हणजे २६९ चौरस फुटांच्या घरकुलावर दोन किलोवॅट बसू शकते. तोंड दक्षिणेला आणि उतार सुमारे २० अंश असावा, कारण आपण साधारण २० ते २१ अक्षांशांवर आहोत.

सावलीबाबत आमचा स्वतःचा अनुभव सांगणे आवश्यक वाटते. आमच्या घरी पाहणीसाठी आलेला माणूस सकाळी दहाला आला, छत स्वच्छ उन्हात होते आणि जागा ठरली. पॅनेल लागल्यावर कळले की हिवाळ्यात दुपारी अडीचनंतर शेजारच्या निंबाची सावली एका कडेवर येते. एका पॅनेलवर सावली पडली तरी त्याच साखळीतील सर्व पॅनेलांची वीज घटते. शेवटी सांगाडा हलवावा लागला, आणि तो खर्च आमच्याच अंगावर आला. पाहणी सकाळी नऊला आणि दुपारी चारला अशी दोनदा, आणि शक्य तर डिसेंबरमध्ये करावी.

टिनावर पॅनेल बसते, परंतु पत्र्याला नव्हे तर खालच्या लोखंडी पाइपांना सांगाडा आवळला पाहिजे. लाकडी फाट्यांवर टाकलेल्या टिनावर बसवू नये. मे महिन्यातील वावटळ असा पत्रा पॅनेलसह उचलते. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि त्यावर प्रत्येक अंशाला ०.३ ते ०.४ टक्का वीज घटते. काच ६५ अंशांपर्यंत तापली तर सुमारे एक सप्तमांश वीज जाते. त्यासाठी पॅनेलखाली फूटभर मोकळी जागा हवीच. त्याच जागेमुळे छतालाही सावली मिळते.

गारांच्या चाचणीत पॅनेलवर २५ मिलिमीटरचे बर्फाचे गोळे वेगाने मारून पाहिलेले असतात, त्यामुळे साधी गार सोसते. बोराहून मोठी गार पडली तर विमाच उपयोगी पडतो. वानरे काच सहसा फोडत नाहीत, पण लोंबणाऱ्या वायरी ओढतात. सर्व वायरी पाइपमधून घ्याव्यात. सोयाबीनच्या मळणीनंतर आणि चंद्रपूर, घुग्घूस, वणी या कोळसापट्ट्यात वर्षभरच पॅनेलवर धुळीचा थर बसतो. पहाटे किंवा सायंकाळी, काच थंड असताना, साध्या पाण्याने धुवावे.

१०. बिल अजून आजोबांच्या नावावर आहे. आजोबा वारले. अर्ज करता येईल का?

आधी नाव बदलावे लागेल. अर्जदाराचे नाव आणि वीजजोडणीवरील नाव जुळले नाही तर अर्ज अडतो. मृत्यूचा दाखला, ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि इतर वारसांची संमती घेऊन महावितरणकडे नाव बदलून घ्यावे, त्यानंतर योजनेचा अर्ज करावा. घर भावाभावांत सामाईक असेल तर छत कोणाच्या वाट्याचे हे आधी कागदावर आणावे. पॅनेल पंचवीस वर्षे तेथे राहणार आहे.

११. सोलर बसवले, तरी लाईन गेली की घर अंधारात. असे का?

अनुदानातील साधे सोलर महावितरणच्या लाईनशी जोडलेले असते, आणि लाईन गेली की त्याचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. हा दोष नाही. डीपी बंद करून खांबावर चढलेल्या लाईनमनच्या अंगात तुमच्या छतावरील वीज जाऊ नये यासाठी ती रचना आहे. गावात व्होल्टेज फार खाली किंवा वर गेले तरी हा इन्व्हर्टर थांबतो. वारंवार तसे होत असेल तर महावितरणकडे लेखी तक्रार द्यावी.

लाईन गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा, किंवा घरातील जुना इन्व्हर्टर तसाच चालू ठेवावा. १५० अँपिअर-अवरच्या १२ व्होल्ट बॅटरीत कागदावर १.८ युनिट असते, पण बॅटरी टिकवायची तर निम्मेच वापरावे आणि त्यातही इन्व्हर्टरचा वाटा जातो. हातात सुमारे ०.८ युनिट उरते. त्यावर दोन जुने पंखे व तीन दिवे साडेचार तास चालतात, आणि दोन बीएलडीसी पंखे व तेच दिवे नऊ तास. म्हणजे पंखे बदलणे हे दुसरी बॅटरी घेण्यासारखेच आहे. बॅटरी घरातील सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावी. टिनाखाली माळ्यावर ठेवलेली बॅटरी उन्हाने निम्म्या आयुष्यातच संपते. लिथियम बॅटरी अधिक खोलवर वापरता येते आणि तीत पाणी टाकावे लागत नाही, मात्र सुरुवातीचा खर्च मोठा असतो.

१२. सोलरनंतर बिल शून्य येते का?

नाही. नेट मीटरिंगमध्ये दिलेली युनिटे घेतलेल्या युनिटांतून वजा होतात, परंतु स्थिर आकार भरावाच लागतो. पहिल्या तीन महिन्यांची बिले मीटरच्या रीडिंगशी स्वतः ताडून पाहावीत.

१३. शेतात सौर पंप आहे. वर्षातले कितीतरी दिवस तो रिकामाच असतो. त्याची वीज घराला घेता येईल का?

‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकऱ्याने १० टक्के, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के वाटा भरून ३, ५ किंवा ७.५ अश्वशक्तीचा पंप मिळतो, त्यामुळे हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. तरीही तसे करू नये. त्या पंपाचा कंट्रोलर उन्हाप्रमाणे कमी-अधिक होणारी वीज मोटरपुरती देतो. घरातील उपकरणे त्यावर जळतात, आणि छेडछाड झाली की हमीही जाते. शेतात राहते घर असेल तर घरासाठी लहानसे स्वतंत्र पॅनेल व बॅटरी घ्यावी.

कृषिपंपाच्या वीजजोडणीवरून घर चालवणेही चुकीचे आहे. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी जड होते.

१४. गोबरगॅस पुन्हा सुरू करावा असे वाटते. पूर्वी गावात बरेच होते, सगळे बंद पडले. आता चालेल का?

चालेल, परंतु पूर्वीचे का बंद पडले हे समजून घेतले तर. दोन घनमीटरचा संच पाच-सहा माणसांच्या स्वयंपाकाला पुरतो आणि महिन्याला दोन सिलिंडरांच्या थोडे आत गॅस देतो. त्याला रोज सुमारे ५० किलो ताजे शेण आणि तितकेच पाणी लागते. गवळाऊ किंवा गावरान गाय दिवसाला साधारण १० किलो शेण देते, म्हणून पाच जनावरे असा हिशेब सांगितला जातो. येथेच चूक होते. दिवसभर चरायला जाणाऱ्या गुरांचे अर्धे शेण रानात पडते. गोठ्यात खरोखर किती शेण मिळते ते आठवडाभर टोपलीने मोजून मगच संचाचा आकार ठरवावा. उपाशी राहिलेला मोठा संच निरुपयोगी ठरतो.

दुसरे कारण आपली काळी माती. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे जमिनीखालचा दीनबंधू पद्धतीचा घुमट तडकतो आणि गॅस हळूहळू निसटतो. खड्डा मुरूम लागेपर्यंत खोल घ्यावा, ते शक्य नसेल तर तळाशी आणि भोवती मुरूम दाबून भरावा. बांधकाम झाल्यावर साबणाच्या पाण्याने गळती तपासावी. तिसरे कारण शेणात जाणारे कुटार : त्याचा वर थर जमतो आणि गॅस अडतो. शेण कालवताना हाताने कुटार काढून टाकावे. पाइपात साचलेले पाणी आठवड्यातून एकदा सोडावे, आणि शेगडी गोबरगॅसचीच वापरावी, कारण सिलिंडरच्या शेगडीचे छिद्र या गॅसला लहान पडते.

थंडीत गॅस कमी येतो. डिसेंबर-जानेवारीत कालवण्यासाठी उन्हात ठेवलेले कोमट पाणी घ्यावे आणि घुमटावरील मातीवर कुटार पसरावे. बाहेर पडणारी रबडी हा दुसरा लाभ आहे, आणि ज्या घराला शेती आहे त्याच्या दृष्टीने कदाचित पहिला. त्या खतातून गवताचे बी जवळजवळ उगवतच नाही, आणि कपाशीला ते खत थेट देता येते.

१५. आमच्याकडे दोनच जनावरे आहेत. मग काय?

एक घनमीटरचा संच २५ किलो शेणावर चालतो. दोन म्हशी बांधून असतील तर तो होतो, दोन चरणाऱ्या गायींवर होत नाही. शेजारच्या घराबरोबर भागीत संच करण्याची कल्पना चांगली वाटते, परंतु रोज शेण कोणी कालवायचे यावरून ती मोडताना आम्ही पाहिली आहे. सख्ख्या भावांत किंवा जावांत आधीच समजूत असेल तरच करावी. संडास जोडल्याने गॅस थोडाच वाढतो, मात्र स्वच्छतेचा प्रश्न सुटतो. घरातील वडीलधाऱ्यांना ते पटत नसेल तर आग्रह धरू नये, कारण ज्या गॅसवर स्वयंपाक करायला घरातली बाई कचरते तो संच बंदच पडणार. शेण पुरेसे नसेल तर पुढचा प्रश्न पाहावा.

१६. सिलिंडर आहे, पण तो सणावारापुरता. रोज पऱ्हाटीवरच स्वयंपाक होतो. धूर आणि सरपण कसे कमी करावे?

साध्या चुलीत इंधनाच्या उष्णतेपैकी जेमतेम दशांश भांड्याला मिळते. चुलीत लोखंडी जाळी बसवून खालून हवा घेतली, भांडे चुलीच्या तोंडात थोडे खाली बसेल असे केले आणि धुराडे छताच्या आढ्याच्या वर नेले, तर त्याच पऱ्हाटीवर दुप्पट काम होते आणि स्वयंपाकघरातील धूर बाहेर जातो. रोज दोन वेळा तो धूर घेणाऱ्या बाईच्या डोळ्यांचा आणि छातीचा प्रश्न घरातल्या इतर कोणत्याही खर्चाच्या आधी यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. या कामाचा खर्च एका पंख्याहून अधिक नसतो.

तुरीची डाळ तासभर भिजवावी. भाताला एक उकळी आली की झाकण घट्ट लावून भांडे वाकळीत गुंडाळून ठेवावे. तो उरलेल्या उष्णतेत शिजतो. पऱ्हाटीबाबत एक सूचना महत्त्वाची आहे : पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी लपून राहते आणि पुढच्या हंगामात शेतात परतते. पऱ्हाटी वर्षभर रचून ठेवू नये. बोंडे झाडून जाळावीत, लागेल तेवढीच पऱ्हाटी उन्हाळ्याच्या आत वापरावी आणि पावसाळ्यासाठी तुराट्या ठेवाव्यात.

१७. सोलर वॉटर हीटर घ्यावा का?

आमच्या मते बहुतेक घरांना नको. शंभर लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे चार युनिटे लागतात, म्हणजे बचत खरी आहे; परंतु आपल्याकडे गरम पाण्याची गरज नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढीच असते. हिवाळ्यात बंब चांगला, त्यात पऱ्हाटी आणि भुईमुगाची टरफलेही जळतात. घरात लहान बाळ, बाळंतीण किंवा दुधाचा धंदा असेल, रोज कॅन गरम पाण्याने धुवावे लागत असतील, तर हीटर वर्षभर उपयोगी पडतो.

१८. आम्ही खारपाणपट्ट्यात राहतो. वरील सल्ल्यात काही बदल आहे का?

आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यातील गावांत भूगर्भातील पाणी खारे आहे. त्या पाण्याने कूलरच्या ताट्यांवर मिठाचा थर बसतो, टाकी दोन-तीन हंगामांत गंजते, हीटरच्या नळ्या चोंदतात आणि पॅनेल धुतल्यास काचेवर पांढरे डाग राहतात. कूलर प्लास्टिकच्या टाकीचा घ्यावा आणि त्यातील पाणी आठवड्यातून दोनदा पूर्ण बदलावे, कारण वाफ होत जाते तसतसे उरलेले पाणी अधिक खारे होते.

छतावरचे पावसाचे पाणी हा तेथील खरा ठेवा आहे. ५०० चौरस फूट छतावर ७५० मिलिमीटर पाऊस पडला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी सुमारे २८ हजार लिटर पाणी मिळते. पहिल्या पावसाचे सोडून द्यावे, पुढचे बंद, अंधाऱ्या टाकीत साठवावे. पाच हजार लिटरच्या टाकीवर एक कूलर ५० दिवस चालतो.

१९. हे सर्व केल्यावर महावितरणची लाईन कायमची तोडून टाकता येईल का?

तोडता येते, परंतु आम्ही तसा सल्ला देत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये झडी लागली की चार-चार दिवस पॅनेल नाममात्र वीज देते, आणि त्या चार दिवसांसाठी लागणारी बॅटरी उरलेल्या वर्षभर पडून राहते. तिचा खर्च पॅनेलच्या खर्चाहून अधिक होतो. लाईन असेल तर दुपारची जास्तीची वीज तिला देऊन रात्री परत घेता येते. जेथे लाईन पोहोचलेलीच नाही, मेळघाटातील किंवा गडचिरोलीतील एखाद्या पाड्यावर, तेथे हिशेब निराळा. तेथे दिवे, एक बीएलडीसी पंखा आणि मोबाइल एवढाच भार धरून बॅटरी निदान दोन दिवसांची घ्यावी, आणि फ्रिजचा विचार पहिला पावसाळा काढल्यानंतर करावा.